एकाच पट्ट्याच्या होजिअरी कापडातून टॉप आणि स्कर्ट: मैत्रिणींच्या कापड-आव्हानासाठी सविस्तर कृती

शिवणाची आवड असलेल्या मैत्रिणींनी एकाच थानातून सारखे कापड घ्यायचे, ठरलेल्या तारखेपर्यंत प्रत्येकीने त्यातून आपल्या पसंतीचा पोशाख शिवायचा आणि मग एकत्र बसून आतूनबाहेरून पाहायचा, असे या आव्हानाचे साधे स्वरूप असते. कापड सुती किंवा खादीचे असेल तर प्रश्न मुख्यतः बेतणीचा आणि कल्पकतेचा असतो. होजिअरी, म्हणजे टीशर्टसारखे ताणले जाणारे विणीचे कापड निवडले की मात्र शिवणाचे गणितच बदलते, आणि त्याच कापडातून टॉप व स्कर्ट असा जोड, म्हणजे हल्ली बाजारात को-ऑर्ड सेट म्हणून मिळणारा पोशाख शिवायचा असेल, तर आणखी एक अडचण उभी राहते. टॉपच्या कापडाने हात वर गेला की ताणले जावे आणि खाली आला की मूळ जागी यावे, अशी आपली अपेक्षा असते. स्कर्टच्या कापडाने मात्र स्वतःचे वजन पेलून, बसण्याउठण्याने ढिले पडून न फुगता, दिवसभर आकार धरून ठेवावा लागतो. एकाच कापडाकडून ही दोन विरुद्ध कामे करून घ्यायची आहेत, हे लक्षात ठेवले की पुढच्या बहुतेक निर्णयांचे कारण आपोआप कळते.

होजिअरी कापडाचा असा जोड ही नवी गोष्ट नाही. तोवर प्रामुख्याने पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरले जाणारे जर्सी कापड फ्रान्समध्ये १९१६ च्या सुमारास वस्त्ररचनाकार कोको शानेल यांनी स्त्रियांच्या बाहेरच्या पोशाखांसाठी घेतले, तेव्हापासून अंगाबरोबर हलणारा वरखाली एकाच कापडाचा पोशाख रूढ होत गेला. त्या कापडात लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा, नव्हता. आपल्या हाती तो आहे, त्यामुळे आपले काम बरेच सोपे आहे.

कापडाची निवड आणि आव्हानाचे नियम

मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये, पुण्याच्या रविवार पेठेत किंवा तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या होजिअरी कारखान्यांचा उरलेला माल विकणाऱ्या दुकानांत होजिअरी कापड अनेकदा मीटरऐवजी किलोवर मिळते. तेथे गोंधळ टाळण्यासाठी एक हिशेब पाठ असावा. कापडाचे जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. २२० जीएसएमच्या आणि ६० इंच, म्हणजे साधारण १.५२ मीटर पन्ह्याच्या कापडाचा एक मीटर तुकडा सुमारे ३३५ ग्रॅम भरतो, म्हणून एका किलोत जवळजवळ ३ मीटर कापड येते. १६० जीएसएमचे कापड घेतले तर त्याच किलोत ४ मीटरांहून थोडे अधिक मिळते. परंतु स्वस्त पडले म्हणून ते घेऊ नये. इतक्या पातळ कापडाचा टॉप छान होतो, पण स्कर्ट मागे फुगतो आणि आतल्या कपड्यांच्या कडा दाखवतो. टॉप आणि स्कर्ट दोन्ही करायचे असल्यास २०० ते २४० जीएसएमचे, ९५ टक्के कापूस आणि ५ टक्के लायक्रा असलेले सिंकर, म्हणजेच सिंगल जर्सी, हा मधला मार्ग होय. इंटरलॉक विणीचे कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते आणि कडांना गुंडाळत नाही, त्यामुळे नवशिक्या मैत्रिणींच्या गटासाठी ते अधिक सोयीचे ठरते. रिब, म्हणजे उभ्या उंचवट्यांची वीण, मात्र या कामाला घेऊ नये. गळपट्टीला ती उत्तम असली तरी तिचा स्कर्ट लोंबतो.

या लेखातील उदाहरणासाठी मी आडव्या पट्ट्यांचे सिंकर घेतले आहे: एक गडद निळा पट्टा, एक पांढरा पट्टा, आणि कापड धुतल्यानंतर प्रत्येक पट्टा बरोबर १ इंच रुंद. पट्टे अवघड असतात, म्हणूनच आव्हानाला योग्य असतात. शिवाय जोड खरोखर जुळला आहे की नाही ते लांबूनही दिसते.

नियम ठरवताना न्यायाची एक बाब सहसा विसरली जाते. सर्वांना सारखे २ मीटर कापड देणे समान वाटले तरी ते समान नसते, कारण ३२ छातीच्या मुलीला त्यात बरेच कापड उरते आणि ४६ छातीच्या बाईला तेच काटोकाट पडते. म्हणून लांबी मोजून देण्याऐवजी प्रत्येकीच्या मापाला लागेल तितके आणि वर अर्धा मीटर, असा नियम ठेवावा. कापड एकाच थानातील असावे, म्हणजे रंगाच्या छटेत फरक पडत नाही. दोरा, इलास्टिक आणि फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर) सोडून बाहेर दिसेल असे दुसरे काहीही वापरायचे नाही, हा नियम मजेदार ठरतो. आणि पोशाख घालून फक्त उभे राहायचे नाही, तर पूर्ण जेवण होईपर्यंत बसायचे, हा नियम तर अवश्य असावा. स्कर्टची खरी परीक्षा तेथेच होते.

बेतण्यापूर्वी: धुणे, ताण मोजणे आणि पट्टा तपासणे

कापड आणल्यावर त्यावर १० इंच बाजूचा चौकोन साध्या धावदोऱ्याने आखून घ्यावा आणि पुढे पोशाख जसा धुणार आहात तसेच ते धुवावे. दोरीवर लटकवून वाळवू नये, कारण ओल्या होजिअरी कापडाचे वजनच त्याला लांबवते. चटईवर किंवा जुन्या चादरीवर आडवे पसरावे. वाळल्यावर चौकोन पुन्हा मोजावा. उभ्या बाजूला तो साडेनऊ इंच भरला तर कापड ५ टक्के आटले असे समजावे, आणि सुती होजिअरीत इतके आटणे अगदी नेहमीचे आहे. या पायरीला फाटा दिला तर पहिल्या धुण्यानंतर २५ इंचांचा स्कर्ट पावणेचोवीस इंचांचा होतो आणि जुळवलेले पट्टे सरकतात. गडद निळा रंग पांढऱ्या पट्ट्यावर उतरतो का, तेही याच वेळी पाहावे: ओला पांढरा रुमाल निळ्या पट्ट्यावर घासावा, आणि रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत कापड पुन्हा पुन्हा खंगाळावे.

आता ताण मोजायचा. कापडाची आडवी घडी घालून, कडेपासून दूर, ४ इंचांवर दोन टाचण्या लावाव्यात आणि पट्टीशेजारी धरून कापड सहज जाईल तितकेच ओढावे. ते ६ इंचांपर्यंत गेले तर आडवा ताण ५० टक्के आहे. सोडल्यावर ते पुन्हा ४ इंचांवर यायला हवे; सव्वाचार इंचांवर अडून राहिले तर असे कापड गुडघ्याजवळ आणि मागे ढिले पडून फुगणार हे नक्की, आणि मग घट्ट स्कर्टचा विचार सोडून थोडा घेर असलेला स्कर्ट बेतावा. हीच चाचणी उभ्या दिशेनेही करावी. टॉपसाठी आडवा ताण महत्त्वाचा असतो. स्कर्टसाठी उभ्या दिशेने कापड किती लांबते हे अधिक महत्त्वाचे, कारण तेथे वजन खाली ओढत असते.

सुलट बाजू ओळखण्यासाठी सिंकरची आडवी कापलेली कड हलकेच ओढावी. ती ज्या बाजूला गुंडाळली जाते ती सुलट बाजू. उभ्या कडा याउलट, म्हणजे उलट बाजूकडे वळतात.

पट्ट्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. होजिअरी कापड गोल यंत्रावर नळीसारखे विणले जाते आणि अनेक धागे एकाच वेळी चढत्या वळणाने जात असल्यामुळे, नळी उभी कापून उलगडल्यावर आडवे पट्टे उभ्या टाक्यांच्या रांगेशी अचूक काटकोन करतीलच असे नाही. मोठा गुण्या किंवा चौकोनी पुठ्ठा ठेवून पाहावे. २० इंच रुंदीत अर्ध्या इंचापर्यंत तिरपेपणा असेल तर पट्टा सरळ धरून बेतावे, कारण बघणाऱ्याच्या डोळ्यांना पट्टाच दिसतो, टाक्यांची रांग दिसत नाही. तिरपेपणा त्याहून जास्त असेल तर पट्ट्याप्रमाणे बेतलेल्या कपड्याची बाजूची शिलाई धुतल्यानंतर पोटाकडे फिरत येते. असे थान दुकानातच नाकारावे. दुकानातली मधली घडीही विश्वासाची नसते. ती बहुधा वाकडी असते आणि कधीकधी इस्त्रीनेही जात नाही, म्हणून तिच्यावर टॉपचा मध्य आखू नये.

मापे आणि आखणी

उदाहरणासाठी छाती ३६, कंबर ३०, सीट (नितंबांचा घेर) ४० इंच अशी मापे धरू.

टॉपसाठी सूत्रांनी आखणी करण्यापेक्षा अंगाला नेटका बसणारा, साधारण तितक्याच ताणाचा टीशर्ट कागदावर उतरवून घेणे मला अधिक खात्रीचे वाटते, कारण होजिअरीचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, सुती ब्लाउजच्या सूत्राने आखला तर खाली उतरतो आणि हात उचलताना सगळा टॉप वर येतो. उतरवलेला नमुना पुढील आकड्यांशी पडताळून पाहावा. तयार छाती ३५ इंच, म्हणजे अंगापेक्षा १ इंच कमी, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या भागाचा अर्धा ८¾ इंच. कंबरेत अर्धा ८ इंच. कंबरेखाली ३ इंचांवर, जेथे टॉप संपतो, तेथे ९ इंच. कंबरेपासून तेथपर्यंतच्या भागात आतून स्कर्टचे इलास्टिक येणार असल्यामुळे टॉप चिकटू नये. खांदा अर्धा ७ इंच, गळ्याची अर्धी रुंदी ३½ इंच, पुढचा गळा ४ आणि मागचा १ इंच. गळ्याजवळच्या खांद्यापासून टॉपची तयार उंची २० इंच. बाहीचा दंडघेर साधारण १२ इंच, वरच्या गोलाईची उंची ४½ इंच आणि लांबी ८ इंच. बाहीची गोलाई आणि मुंढा यांची लांबी जवळजवळ सारखी असावी; सुती कपड्यात बाहीला दिलेली जास्तीची गोलाई येथे खांद्यावर नुसता फुगवटा आणते.

होजिअरी टॉपला डार्ट, म्हणजे आकारासाठीची टोकदार चिमटी, घालत नाहीत. छाती मोठी असेल तर पुढच्या भागाची लांबी मुंढ्याखाली १ इंच वाढवावी आणि ती बाजूची शिलाई घालताना मुंढ्याखालच्या पहिल्या ३ इंचांत पुढचा भाग किंचित ढिला धरून सामावून घ्यावी. तेवढ्या भागात पट्टे जुळणार नाहीत, परंतु तो भाग हाताखाली झाकलेला असतो. तेथून खाली मात्र ते पुन्हा जुळलेच पाहिजेत.

स्कर्ट सरळ, गुडघ्यापर्यंतचा. सीटवर तयार माप ४० इंच, म्हणजे अंगाइतकेच, त्यामुळे अर्धा १० इंच. वर कंबरेत ३४ इंच, अर्धा ८½, कारण चेन नसलेला स्कर्ट सीटवरून वर चढायचा आहे. ३४ चे ४० होण्यासाठी १८ टक्के ताण लागतो आणि तो आपल्या कापडात सहज आहे. खालच्या घेराशी ३७ इंच, अर्धा ९¼. कंबरेपासून तयार उंची २५ इंच. टॉप १ इंचाने कमी आणि स्कर्ट अंगाइतका ठेवण्यामागे कारण आहे: कापड आडवे ताणले की उभे आखडते आणि पट्टे अरुंद दिसू लागतात. टॉप सैल आणि स्कर्ट घट्ट ठेवला तर एकाच थानातले पट्टे वर रुंद आणि खाली अरुंद दिसतात व जोड विसंगत वाटतो. दोन्ही तुकडे अंगावर साधारण सारखेच ताणले जावेत, हे पट्ट्यांच्या जोडाचे खरे सूत्र आहे. ज्यांना पसरत जाणारा स्कर्ट हवा असेल त्यांनी तो खुशाल करावा, मात्र बाजूच्या शिलाईवर पट्टे खाली झुकलेल्या कोनात भेटतील हे गृहीत धरावे.

शिलाईसाठी खांदे, बाजू आणि मुंढ्याला ⅜ इंच माया (शिलाईबाहेरचे जास्तीचे कापड), गळ्याला ¼ इंच, टॉप, बाही आणि स्कर्टच्या खालच्या दुमडीसाठी १ इंच, आणि स्कर्टला वर इलास्टिक गुंडाळण्यासाठी १⅜ इंच सोडावी.

पट्टे जुळवून बेतणे

टॉप स्कर्टवरून सोडायचा असून तो कंबरेखाली ३ इंचांवर संपतो. उभे राहिल्यावर टॉपची शेवटची कड आणि खालचा स्कर्ट यांच्यात पट्ट्यांचा क्रम तुटू नये, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला तो एकसंध झगा वाटावा, हे आपले लक्ष्य आहे. म्हणून टॉपची दुमड निळ्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर यावी. त्यालगत स्कर्टवर पांढरा पट्टा सुरू व्हायला हवा. तो कंबरेखाली ३ इंचांवर सुरू होण्यासाठी स्कर्टची वरची घडी निळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर असली पाहिजे. त्याच क्रमाने मोजत गेल्यास २५ व्या इंचावर निळा पट्टाच संपतो, त्यामुळे स्कर्टची खालची दुमडही निळ्याच्या कडेवर येते. २५ ऐवजी २६ इंच उंची घेतली तर शेवट पांढऱ्यावर होतो. ते चूक नाही, पण पांढरा पट्टा मळतो आणि आतली निळी दुमड त्यातून सावलीसारखी दिसते. आपल्या कापडाचा पट्टा १ इंचाचा नसेल तर हेच गणित स्वतःच्या मापाने मांडावे, आणि तेही कापड धुतल्यानंतर.

कापड एकेरी पसरावे. दुहेरी घडी घालून बेतणे वेगवान असले तरी खालच्या थरातले पट्टे सरकतात आणि ते कळत नाही. त्यामुळे कागदी नमुने अर्धे न ठेवता पूर्ण रुंदीचे करून घ्यावेत. टॉपचा पुढचा भाग आणि मागचा भाग शेजारी शेजारी, दोन्हींच्या मुंढ्याचे खालचे टोक एकाच पट्ट्याच्या एकाच कडेवर येईल असे ठेवले, की बाजूची शिलाई वेगळे कष्ट न घेता जुळते. प्रत्येक भाग साधारण १८ इंच रुंद असल्यामुळे धुऊन ५७ इंच उरलेल्या पन्ह्यात त्या दोहोंशेजारी एक बाही बसते. त्यांच्या खाली स्कर्टचे दोन्ही भाग, प्रत्येकी पावणेएकवीस इंच, आणि त्यांच्या शेजारी दुसरी बाही. टॉपला साधारण २२ आणि स्कर्टला २८ इंच लांबी लागते. पट्टे जुळवण्यासाठी आणखी ४ इंच धरले तरी २ मीटरमध्ये गळपट्टी आणि सरावाच्या शिलाईसाठी चांगला तुकडा उरतो. सर्व भागांची वरची बाजू एकाच दिशेला असावी. टाक्यांच्या कड्या वरखाली सारख्या दिसत नाहीत, आणि उलटा ठेवलेला भाग उन्हात किंचित वेगळ्या छटेचा दिसतो.

बाहीसाठी पुढच्या मुंढ्यावर खालच्या टोकापासून शिलाईच्या रेषेने २½ इंचांवर खूण करावी, बाहीच्या पुढच्या गोलाईवरही तेवढ्याच अंतरावर खूण करावी आणि दोन्ही खुणा एकाच रंगाच्या पट्ट्यात, पट्ट्याच्या त्याच उंचीवर येतील अशी बाही ठेवावी. त्याच्या वर, खांद्याकडे, पट्टे जुळणे शक्य नसते. तो हट्ट धरू नये. असे करताना बाहीची दुमड पट्ट्याच्या मध्येच येत असेल तर बाहीची लांबी अर्धा इंच कमीजास्त करावी, मुंढ्याची जुळणी सोडू नये.

कापडाचा कोणताही भाग टेबलाच्या कडेवरून लोंबू देऊ नये. टाचण्यांनी होजिअरीत वळ्या पडतात, म्हणून नमुन्यावर वजने ठेवावीत. स्वयंपाकघरातील खलबत्ता आणि वाट्याही चालतात. कात्री धारदार असावी आणि तिचे खालचे पाते टेबलाला टेकलेलेच राहावे.

सुई, दोरा आणि टाका

साधी टोकदार सुई टाक्याची कडी कापते आणि दोनचार धुण्यांनंतर शिलाईच्या कडेने बारीक छिद्रे दिसू लागतात. गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट, सुई कड्या बाजूला सारून आत जाते. लायक्रा असलेल्या कापडात तिनेही टाके सुटत असतील तर स्ट्रेच सुई घ्यावी. या वजनाच्या कापडाला ११ नंबर पुरतो. दोरा पॉलिएस्टरचा असावा, कारण सुती दोरा ताण बसताच तुटतो.

झिगझॅगची सोय असलेल्या मशीनवर रुंदी १ आणि लांबी २½ मिलिमीटर ठेवून अरुंद झिगझॅग घालावा. तो दिसायला जवळपास सरळ असतो आणि तरीही ताणतो. घरी फक्त सरळ टीप घालणारे पायमशीन असेल तर निराश होण्याचे कारण नाही. टाका थोडा बारीक, म्हणजे २ मिलिमीटरचा, ठेवावा, वरच्या दोऱ्याचा ताण किंचित सैल करावा आणि शिवताना दाबपायाच्या पुढे व मागे दोन्ही हातांनी कापड हलकेच, सारखे ताणून धरावे. नुसते मागून ओढले तर सुई वाकते. मग शिलाई दोन्ही टोकांनी जोरात ओढून पाहावी. ती तुटली नाही तर कामाला योग्य आहे. कडांसाठी गल्लीतल्या पिको-फॉलच्या दुकानात ओव्हरलॉक करून मिळते, पण ते यंत्र सुती कापडासाठी लावलेले असते, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर मारून पाहायला सांगावे. स्वतःचे ओव्हरलॉक यंत्र असल्यास आणि शिलाई लाटांसारखी येत असल्यास डिफरन्शियल फीड, म्हणजे पुढचे आणि मागचे दात कापड सरकवतात त्यातील प्रमाण, १ वरून १.३ ते १.५ पर्यंत वाढवावे.

साध्या मशीनवर लाटा आल्या तर दाबपायाचा दाब कमी करावा. तो कमी होत नसेल तर कापडाखाली पातळ पतंगी कागद ठेवून शिवावे आणि नंतर कागद फाडून काढावा. टाके सुटणे हा जवळजवळ नेहमी सुईचा दोष असतो. मशीन दुरुस्तीला नेण्याआधी सुई बदलावी.

टॉप शिवणे

प्रथम खांदे जोडावेत, आणि त्या शिलाईत ¼ इंच रुंदीची सुती फीत किंवा त्याच कापडाच्या किनारीची न ताणणारी उभी पट्टी धरावी. बाह्यांचे सारे वजन खांद्याच्या शिलाईवर येते. आधार दिला नाही तर ती लांबत जाऊन बाही दंडावर उतरते.

मग गळपट्टी. गळ्याची शिलाईची रेषा, कापलेली कड नव्हे, टेप उभी धरून मोजावी. आपल्या आखणीत ती २० इंचांच्या आसपास येते. सिंकरची गळपट्टी तिच्या ८५ टक्के, म्हणजे १७ इंच, आणि जोडासाठी अर्धा इंच धरून १७½ इंच कापावी. रुंदी १¾ इंच, म्हणजे दुमडून आणि शिवून ⅝ इंच दिसते. पट्टी कापडाच्या आडव्या दिशेने कापावी आणि पूर्ण एका रंगाची हवी असेल तर १ इंचाचा पट्टा त्याला अपुरा पडतो, हे आधीच ओळखून घडीची रेषा निळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेपासून ¾ इंच खाली धरावी. मग दिसणारी बाजू पूर्ण निळी येते आणि पांढरा भाग आत जातो. पट्टीचे आणि गळ्याचे प्रत्येकी चार सारखे भाग करून खुणा जुळवाव्यात व फक्त पट्टी ताणून शिवावी, गळा ताणू नये. पुढच्या गोलाईत पट्टी थोडी जास्त आणि मागे थोडी कमी ताणली तर ती छातीकडे उभी न राहता अंगाशी बसते. इस्त्री केल्यावरही पट्टी बाहेर लवत असेल तर ती लांब झाली आहे. उसवून अर्धा इंच कमी करावी. गळा चुण्या पडल्यासारखा दिसत असेल तर ती आखूड आहे.

बाही गोल न लावता, बाजू शिवण्यापूर्वी, सपाट असतानाच मुंढ्याला जोडावी. त्यानंतर बाहीच्या दुमडीपासून कंबरेच्या कडेपर्यंत एकाच शिलाईत बाजू बंद करावी. येथे दर पट्ट्याच्या कडेवर एक टाचणी लावावी आणि मशीनवर जाण्यापूर्वी हाताने कच्चा टाका घालावा. या एका ठिकाणी घाई करून चालत नाही, कारण दाबपाय वरचा थर पुढे ढकलतो आणि वर जुळलेले पट्टे खाली येईपर्यंत पाव इंच चुकतात. कच्चा टाका घातला की ते होत नाही. टॉपची खालची दुमड मात्र अजून शिवू नये.

स्कर्ट शिवणे

दोन्ही बाजू वरीलप्रमाणेच कच्चा टाका घालून शिवाव्यात. इलास्टिक १¼ इंच रुंदीचे, कंबरेच्या ९० टक्के, म्हणजे २७ इंच, आणि जोडासाठी १ इंच घ्यावे. ते कापण्यापूर्वी कंबरेभोवती लावून काही मिनिटे बसून पाहावे. दुकानातली इलास्टिके सारख्या ताकदीची नसतात. टोके एकावर एक ठेवून चौकोनी शिलाईने पक्की करावीत. मोकळा नेफा करून आत इलास्टिक ओवण्याची आपली सवय या स्कर्टला उपयोगी नाही, कारण नेफ्यात इलास्टिक फिरते आणि वरचा निळा पट्टा वाकडा होतो. त्याऐवजी इलास्टिकचे आणि स्कर्टच्या कडेचे चार भाग करून, उलट बाजूला कडेशी कड लावून, इलास्टिक ताणत झिगझॅगने जोडावे, नंतर ते आत दुमडून घडी निळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर आणावी. बाहेरून दिसेल अशी पूर्ण फेरीची टीप घालण्यापेक्षा फक्त बाजूच्या दोन शिलाया, मध्यपुढा आणि मध्यमागा अशा चार ठिकाणी घडी पक्की करणे पुरेसे होते.

आता स्कर्ट चिमट्यांच्या हँगरला लावून रात्रभर टांगून ठेवावा. सरळ स्कर्टसुद्धा या वेळात थोडा उतरतो, आणि बाजू मध्यापेक्षा जास्त उतरल्या असतील तर ते दिसते. उतरलेला भाग पट्ट्याच्या कडेवरून पुन्हा आखावा.

दुमडी

स्कर्ट आणि टॉप दोन्ही अंगात घालून, आरशासमोर सरळ उभे राहून, टॉपची कड स्कर्टवर कोठे येते ते पाहावे. पट्ट्यांचा क्रम पाव इंचाने चुकत असेल तर टॉपची दुमड न हलवता खांद्याच्या शिलाईत ते सुधारावे असे काही जणी सुचवतात; मला ते पटत नाही, कारण त्याने गळा बिघडतो. स्कर्टचे इलास्टिक पाव इंच वरखाली करणे सोपे असते. चालताना टॉप हलणार आणि क्रम मोडणार, हे मान्य करावे.

दुमड निळ्या पट्ट्याच्या खालच्या कडेवर घालून, आत मऊ होजिअरी फ्यूजिंगची अर्धा इंच पट्टी चिकटवावी, म्हणजे शिवताना कड ताणली जात नाही. ४ मिलिमीटरची जुळी सुई, वर दोन निळे दोरे, आणि सुलट बाजूने, कडेपासून ⅞ इंचावर टीप घातली तर दोन्ही ओळी निळ्या पट्ट्यातच राहतात आणि आतली कडही त्या पकडतात. खालचा दोरा आत नागमोडी जात असल्यामुळे ही शिलाई ताणते. दोन ओळींमध्ये कापड नळीसारखे फुगत असेल तर वरचा ताण कमी करावा. सरळ टीपेच्या मशीनवर जुळी सुई चालत नाही, कारण तिच्या प्लेटचे छिद्र एकाच सुईपुरते असते. तेथे सैल हातशिलाई अधिक चांगली दिसते, आणि आतून कपडे पाहणाऱ्या मैत्रिणी तिला गुणही अधिक देतात.

प्रत्येक शिलाईनंतर इस्त्री ओढू नये. वाफेची इस्त्री कापडावर टेकवावी, उचलावी आणि पुढे टेकवावी. इलास्टिकवर ती अजिबात ठेवू नये.

शेवटची चाचणी खुर्चीवर बसून करावी. पंधरा मिनिटांनी उठल्यावर स्कर्ट मागे फुगलेला राहिला तर बाजूच्या शिलाया सीटपासून खाली प्रत्येकी ¼ इंच आत घ्याव्यात. त्याने पट्ट्यांची जुळणी बिघडत नाही, कारण दोन्ही भाग सारखेच कमी होतात. स्कर्ट वर सरकत असेल तर उलट, सीटवर तो कमी पडतो आहे, आणि तेथे ⅜ इंच मायेतून जे सोडता येईल ते सोडावे. धुतल्यावर दोन्ही कपडे आडवे वाळवावेत व कपाटात हँगरला न लावता घडी घालून ठेवावेत.